अंदमानला जाताय? पहाटे उठा

अंदमान पूर्वेला इतकं दूर आहे की हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून माझा सगळा बेत पहाटे सुरू होतो.

सेल्युलर जेलला निवांत वेळ द्या. १९०६ मध्ये बांधून झालेल्या सात चाळींपैकी आज तीनच उभ्या आहेत. एखाद्या कोठडीत एकट्याने थांबा. समोर दुसऱ्या चाळीची पाठच दिसते, कारण कैद्यांना एकमेकांचं तोंडही दिसू द्यायचं नव्हतं. सावरकरांच्या कोठडीशी माझे तरी डोळे भरून येतात.

शहीद द्वीपावरचा (पूर्वीचं नील बेट) खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच बघायचा, तेव्हा वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. खडकांतल्या डबक्यांत मासे, समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) दिसतात. उकिडवं बसून शांतपणे बघा, पण प्रवाळावर पाय देऊ नका. ते जिवंत असतं! मेलेला तुकडाही उचलू नका, कायद्याने बंदी आहे.

स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक बेट) राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे. सूर्यास्तासाठी हिवाळ्यात चारलाच पोचा.

हवा बिघडली की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच (आता श्री विजयपुरम) काढा.