कामावर जातीवरून शिवीगाळ झाली, तर अर्जात काय लिहायचं

माझ्या पहिल्या अर्जात एकच ओळ होती : ‘साहेब मला अपमानास्पद बोलले.’ नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट बदलताना, पाण्याच्या नळापाशी, सात-आठ जणांसमोर तो माझ्या जातीचं नाव घेऊन बोलला होता. ते शब्द कागदावर उतरवायची मलाच लाज वाटली. त्या ओळीवरून कुणालाच काही कळेना.

म्हणून सांगते, शब्द जसेच्या तसे लिहा. हिंदीत बोलला असेल तर हिंदीत लिहा. त्याच संध्याकाळी लिहा. तारीख, वेळ, जागा घाला. मग आजूबाजूला कोण होतं ते. 1989च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमानाचा गुन्हा चारचौघांच्या देखत घडलेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये दोघंच असाल तर हे कलम लागणं कठीण. चहा घेऊन आलेला पोऱ्या तिथं उभा होता? त्याचंही नाव घाला. कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवा, असं कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या.

नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या मुली हमखास विचारतात, ‘ताई, दाखल्यावर बौद्ध आहे, चालेल का?’ चालेल. धर्मांतरित बौद्धांना 1990पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत न्या. शिवी देणारा मात्र अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो.

पोलीस ठाण्यात ‘आधी चौकशी करू’ म्हणाले तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं 18अ कलम दाखवा : गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तपास शहरात सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो, हवालदार नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळतो. आपल्याला, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्नाची अट नाही.

एफआयआर झाला की दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात जा. अशा गुन्ह्यात नियमांप्रमाणे एक लाखाचं अर्थसहाय्य आहे, त्यातलं 25 टक्के एफआयआरनंतर.

सगळ्यात अवघड साक्षीदार. नोकरी सगळ्यांनाच प्यारी. याच कायद्यातल्या 2015च्या दुरुस्तीनं साक्षीदारांनाही संरक्षण दिलंय, ते कलम मी लाइनवरच्या मावशींना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, ‘लिव, माह्यं नाव लिव.’