ऑस्टिओपॅथीच्या सेशननंतर अंग दुखतंय? मग हे करा
ऑस्टिओपॅथी म्हणजे हाताने स्नायू-सांधे दाबून, ताणून करायची ट्रीटमेंट. तिचं सेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकणं तसं कॉमन आहे, जखडलेले स्नायू दाबले-ताणले जातात ना, बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत उतरतं. त्या दिवशी जिम, वजन उचलणं बंद, पण नुसतं लोळूनही राहू नका, अजून आखडाल, अधूनमधून थोडं चाला. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा किंवा गरम शेक घ्या, ज्याने बरं वाटेल ते. दुखरी जागा स्वतःच कडकड मोडत बसू नका प्लीज! हातापायात बधिरपणा, ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, किंवा मानेच्या ट्रीटमेंटनंतर जोरात डोकेदुखी, चक्कर, बोलताना अडखळणं असं काही झालं तर थेट इमर्जन्सी गाठा.