इस्तंबूलला हेअर ट्रान्सप्लांट करायचाय? आधी हा हिशोब मांडा

पॅकेजमध्ये हॉटेल, एअरपोर्ट पिकअप सगळं असतं म्हणून स्वस्त वाटतं, पण त्यात विमानाचं तिकीट, व्हिसा, बुडालेली सुट्टी आणि नंतरची औषधं धरा, मग पुण्या-मुंबईतल्या कोटेशनशी तुलना करा, बऱ्याचदा फरक उरतच नाही.

खरा प्रश्न म्हणजे हात कोण लावणार. तिकडे बऱ्याच स्वस्त क्लिनिकांत डॉक्टरचं फक्त नाव असतं आणि ग्राफ्ट (मुळासकट केसांचे छोटे पुंजके) काढणं, ते लावायला चिरा देणं सगळं टेक्निशियनच उरकतात, म्हणून लेखी विचारा की चिरा कोण देणार, डॉक्टर दिवसात किती पेशंट घेतात, आणि तुर्की आरोग्य मंत्रालयाचं हेल्थ टुरिझमचं सर्टिफिकेट मागा. उत्तर "आमची टीम" एवढंच आलं तर सरळ नाही म्हणा.

"मॅक्झिमम ग्राफ्ट" ऐकून खुश होऊ नका. लावायचे केस डोक्यामागून काढतात, ते मर्यादित असतात, एकदा काढले की तिथे परत येत नाहीत, आणि तिशीच्या आत असाल तर पुढेही टक्कल वाढणार, तेव्हासाठी साठा नको का?

इन्फेक्शन झालं तर? साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये कॉस्मेटिक सर्जरीची गुंतागुंत सहसा कव्हर होत नाही, पॉलिसी वाचा. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, ते नॉर्मल आहे, पूर्ण रिझल्ट यायला साधारण वर्ष लागतं, तोवर क्लिनिक फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून जायच्या आधीच इथला एक डर्मेटोलॉजिस्ट फॉलोअपसाठी पक्का करा.