भाचीसाठी 2020 ची नाणी जमवली, त्याचा अनुभव

भाची 2020 ची. तिच्या जन्मसालाची 1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांची नाणी जपून द्यायची होती. एक, दोन, पाच सुट्ट्या पैशांत सापडली. अडलं ते दहाच्या नाण्यावर. आमच्या चोपडा भागात काही दुकानदार ते घेतच नाहीत, म्हणून हातात येत नाही. खरंतर दहाचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच स्पष्ट केलं होतं.

मार्ग सापडला देवस्थानाच्या दानपेटीत. बाजारात न चालणारं नाणं लोक तिथे टाकतात. मोजणीच्या दिवशी विश्वस्तांना विचारलं, तर म्हणाले, "या ना भो, नोटा द्या अन् निवडून न्या." तिथेच बाराकोनी वीसही मिळालं.

निवडताना सालाखालची खूण बघा, नाणं कुठल्या टाकसाळीत पाडलं ते तिच्यावरून कळतं. पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा; काहीच नसेल तर कोलकाता. मी पाचही मुंबईचीच घेतली, संच एका टाकसाळीचा असला की शोभतो.

आता महत्त्वाचं. चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. मूळ झळाळी जाते ती परत येत नाही. मळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून, न घासता टिपून पूर्ण वाळवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं की नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. म्हणून कडक प्लॅस्टिकच्या गोल डब्या घ्या, दहा-वीससाठी 27 मिलिमीटरच्या. आणि नाणं नेहमी कडेनेच धरा.