सीझनआधी कार्बन एमटीबी जोडायची तयारी

पाऊस ओसरत आला की आमच्या ग्रुपमध्ये सायकलशिवाय दुसरा विषयच नसतो, आणि यंदा तर दोघांनी एकदमच माउंटन बाइकच्या (एमटीबी) कार्बन फ्रेम घेतल्यात, एकानं नवी कोरी हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढं) आणि दुसऱ्यानं वापरलेली फुल सस्पेन्शन (पुढं-मागं दोन्हीकडं), आणि दोघांचेही फोन येऊन गेले की जोडायच्या आधी काय काय आणून ठेवू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. दोघांना धास्ती एकच, दगड लागला तर काय. दगडाचं बघू नंतर, पण मी आजवर हातात घेऊन बघितलेल्या बहुतेक फुटक्या कार्बन फ्रेम ट्रेलवर फुटलेल्या नव्हत्या, त्या दुरुस्तीच्या स्टँडवर फुटल्या होत्या, कुणीतरी पाना जरा जास्तच फिरवला म्हणून.

त्यामुळं खरेदीची सुरुवात टॉर्क रेंचपासून, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरालाच आवळता येतो असा पाना. छोटा, साधारण ४ ते २० न्यूटन मीटरचा, आणि सोबत ४, ५, ६, ८ एमएमचे ॲलन बिट आणि टी२५ चा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट. एका बऱ्या टायरच्या पैशात येतो, तेव्हा "हाताला अंदाज आहे" वगैरे सांगू नका, माझ्याही हाताला होता. हिशोब सोपा आहे बघा. सीटचा दांडा (पोस्ट) धरणाऱ्या सीट क्लॅम्पवर ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे १० सेंटीमीटर लांब किल्लीच्या टोकाला ५ किलोचा जोर. तीच किल्ली २० सेंटीमीटरची घेतली की अडीच किलोतच काम होतं, आणि अडीच किलो म्हणजे आपण जोर लावतोय हे कळतसुद्धा नाही. टूलबॉक्समधली ती लांब दांड्याची ॲलन की आहे ना, ती काम चालू असेपर्यंत घरच्यांच्या ताब्यात देऊन ठेवा.

बाकी सामान म्हणजे कार्बन पेस्टची एक छोटी ट्यूब, साधं ग्रीस, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मऊ फडकी, चांगला टॉर्च, थोडा कापूस आणि एक रुपयाचं नाणं. नाणं कशाला ते पुढं येईल. ग्रीस आणि पेस्ट शेजारी ठेवू नका कारण घाईत नक्की अदलाबदल होते. पेस्ट चिमटीत घेतली की बारीक रवा लागावा तशी खरखरीत लागते, त्या कणांमुळं पकड वाढते आणि कमी टॉर्कमध्ये पोस्ट धरून राहतो. ग्रीस लागतं मेटलच्या आट्यांना आणि बेअरिंगना. कार्बनवर क्लॅम्प बसतो तिथं ग्रीस लावलं की पोस्ट घसरणार, घसरला की तुम्ही आवळणार, आणि पुढचं मी भोगलंय, सांगतो.

त्याआधी ही फ्रेम बनते कशी ते दोन मिनिटं ऐका, म्हणजे पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. असे हजारो तंतू एका दिशेनं झोपवून त्यात इपॉक्सी रेझिन मुरवलेलं असतं, त्या कापडाला प्रीप्रेग म्हणतात, आणि ते उणे १८ अंशाच्या आसपास डीप फ्रीझरमध्ये ठेवतात कारण बाहेर राहिलं तर रेझिन हळूहळू आपणहून घट्ट व्हायला लागतं. मग त्याचे शेकडो तुकडे कापून माणसं हातानं एकावर एक लावतात, काही नळीला सरळ, काही ४५ अंशात तिरके म्हणजे पीळ सहन होतो, काही आडवे. आत फुगा घालून सगळं लोखंडी साच्यात बंद करतात, साचा तापवतात, फुगा आतून दाबतो, जास्तीचं रेझिन बाहेर येतं आणि थर एकजीव होतात. जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम तैवान आणि चीनमध्ये अशाच बनतात, स्टिकर कुठल्याही देशाचं असो. वरून दिसणारी ती चौकटीची थ्री-के वीण बऱ्याचदा नुसती शोभेला असते, खरं काम आतले सरळ थर करतात, तेव्हा वीण दिसत नाही म्हणून फ्रेम हलक्या प्रतीची असं काही नसतं.

तर हे सगळं बांबूसारखं आहे. बांबू उभा वाट्टेल तेवढा ओढा, वाकवा, काही होत नाही, पण शिकंजात आडवा धरून चेपला की उभी चीर जाते. कार्बनच्या नळीचंही तेच, आणि मिस्त्री जो बोल्ट पिळतो तो नेमका आडवाच चेपतो. ॲल्युमिनियम आधी चेपतं, पोचा दिसतो, माणूस थांबतो. कार्बन गप्प बसतं आणि एकदम कट् करतं.

तो कट् मी ऐकलाय. तीन वर्षांपूर्वी ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) घसरत होता, दर राइडला अर्धा सेंटीमीटर खाली, आणि मी पेस्ट मागवायचा कंटाळा करून दर वेळी क्लॅम्प थोडा थोडा आवळत गेलो. एका रविवारी पार्किंगमध्ये, सगळे निघायच्या घाईत, कुणाची तरी लांब किल्ली घेतली आणि पाव फेरा दिला. काडी मोडल्यासारखा आवाज, मग हाताला एकदम सैलपणा. सीटट्यूबच्या (पोस्ट जाते ती फ्रेमची नळी) मागच्या खाचेपासून खाली दोनेक सेंटीमीटर केसासारखी रेघ, बोटानं दाबली की उघडझाप करत होती. फ्रेम दुरुस्त झाली, कार्बन दुरुस्त होतं हे पण सांगून ठेवतो, खराब थर तासून उतार करतात आणि नवे थर चढवतात, पण दोन महिने गेले आणि तिथला रंग आजही जुळत नाही. शिवाय ड्रॉपर तेव्हा वर यायलाही अडखळत होता, म्हणजे क्लॅम्प त्याच्या बाहेरच्या नळीला आवळतोय हे तो बिचारा सांगत होता, मी ऐकलं नाही. तुमचा ड्रॉपर क्लॅम्प आवळल्यावर मंद होत असेल तर तिथंच थांबा, काढा, अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा, पेस्ट लावा, परत ५ वर आवळा. आणि पोस्ट घ्यायच्या आधी सीटट्यूबचं माप नीट वाचा, ३०.९ आणि ३१.६ एमएम डोळ्याला सारखेच दिसतात.

आता वापरलेली फ्रेम घेतलेल्यासाठी, आणि नव्यावाल्यानंही करायला हरकत नाही. आधी फ्रेम साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा, चिखलाखाली काहीच दिसत नाही, आणि विकणाऱ्यानं मध्येच कुठं विचित्र जागी स्टिकर लावलेलं असेल तर ते काढायला सांगा, लाजू नका. टॉर्च समोरून मारू नका, नळीला चिकटवून तिरका मारा म्हणजे बारीक उंचवटा सावलीत कळतो. रेघ दिसली की नख फिरवा. नुसता रंगावरचा ओरखडा असेल तर नख सरकून जातं, अडकलं तर तिथं कापूस फिरवा, तंतू वर आलेले असतील तर कापसाचे धागे धरून ठेवतात. मग नाणं. एक रुपयानं हलकं हलकं ठोकत जायचं, चांगल्या जागी टिक् टिक् असा कोरा आवाज येतो आणि आतले थर सुटलेले असतील तर पोचट, मडकं तडकल्यासारखा. फक्त एक लक्षात घ्या, जाडी बदलली की आवाज बदलतो, हेडट्यूबपाशी (हँडलखालची नळी) आणि बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो ती जागा) जाड असतं आणि आत मेटलचे तुकडे असतात, म्हणून डावी बाजू उजवीच्या त्याच जागेशी ताडून बघायची, वरची खालच्याशी नाही. आवाजावर शंका राहिली तर पैसे देऊ नका, अल्ट्रासाउंडनं तपासून देणाऱ्याकडं न्या नाहीतर सोडून द्या.

कुठं बघायचं? डाउनट्यूबची (हँडलकडून पेडलकडं उतरणारी नळी) खालची बाजू, आपल्याकडचा काळा दगड पुढच्या चाकानं उडून तिथंच बसतो. मग उजवा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडं जाणारी नळी) चेनरिंगच्या मागं, चेन पडून तिथं अडकली की कार्बन करवतीनं कापल्यासारखं खाल्लं जातं. मग स्टेच्या आतल्या बाजू टायरजवळ. सीटपोस्ट बाहेर काढून नळीत टॉर्च मारा, आत फुग्याचे तुकडे नाहीतर सुरकुत्या दिसतील, थोड्याफार असतात, घाबरू नका. पोस्ट निघतच नसेल तर मात्र घाबरा. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल असली की ॲल्युमिनियम गंजतं, फुगतं आणि जाम बसतं, आणि ओल खारी असेल तर लवकर. कोकणातली फ्रेम असेल, मालक बीचवर चालवत असेल, तर हे पहिलं विचारा.

जोडायच्या आधीच पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावून घ्या, नंतर केबल आणि ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) मध्ये येतात. सायकलच्या दुकानातलं तयार किट महाग पडतं, कार डिटेलिंगवाल्यांकडं तीच फिल्म असते आणि उरलेले तुकडे बरेचदा स्वस्तात देतात. डाउनट्यूबची खालची बाजू, टॉपट्यूबवर (वरची आडवी नळी) गुडघे घासतात ती जागा, हेडट्यूबला केबल घासतात तिथं. साबणाचं पाणी मारून सरकवत बसवायची, कोपऱ्याला हेअर ड्रायर लांबून, हीट गन अजिबात नको. चेनस्टेला जुनी ट्यूब गुंडाळली तरी चालते, दिसायला गावठी, पण आवाज बंद. होज फ्रेमच्या आतून जाणार असेल तर त्यावर फोमची नळी चढवायला विसरू नका, नंतर खडखड ऐकत बसाल आणि सगळं परत उघडाल.

स्टँडवर फ्रेम टॉपट्यूबला कधीही धरायची नाही, तिथली भिंत पातळ असते. जुना ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर घालून तो धरा, नसेल तर ड्रॉपरच्या बाहेरच्या नळीला फडकं गुंडाळून, हलकंच. दुकानात दिली तरी पाच मिनिटं थांबून कुठं धरतायत ते बघा, माणूस चिडेल, चिडू दे.

जोडताना बीबी हे एक काम बाहेर करून घेतलं तरी चालेल. आट्यांचा असेल तर ३५ ते ५० न्यूटन मीटर लागतं, तुमचा छोटा रेंच तिथं पुरत नाही, आणि उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो हे विसरून कित्येकांनी आटे खाल्लेत. प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवायचा) असेल तर प्रेस टूलच पाहिजे, हातोडी आणि लाकडाचा तुकडा म्हणणाऱ्यापासून लांब. बाकी शिमानोच्या दोन बोल्टच्या डाव्या क्रँकला १२ ते १४, ब्रेक कॅलिपरला ६ ते ८, स्टेमला (हँडल धरणारा तुकडा) त्याच्यावर छापलेलं असेल तेवढंच, आणि चारही बोल्ट आळीपाळीनं. फ्रेमला २०१९ नंतर आलेला यूडीएच हॅन्गर (मागचा गिअर अडकतो तो बदलता येणारा तुकडा) असेल तर त्याला २५, म्हणजे इथंही मोठा रेंच, आणि एक जास्तीचा हॅन्गर आत्ताच घेऊन ठेवा. फुल सस्पेन्शनचे पिव्हट (मागचा भाग हलतो त्या सांध्यांचे) बोल्ट कंपनीच्या चार्टप्रमाणे, आट्यांना निळं थ्रेडलॉकर, बेअरिंगला ग्रीस. ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प मात्र मुद्दाम थोडा कमी ठेवतो मी, हातानं जोर लावल्यावर फिरेल इतपत, म्हणजे पडल्यावर लिव्हर फिरतो आणि हँडल वाचतं. आणि सगळं झाल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा लिव्हर टॉपट्यूबला आपटतोय का, आपटत असेल तर उंची किंवा कोन बदला, कारण पहिल्याच पडण्यात तो नेमका तिथं ठोकणार.

टायर घेताना जाड घ्यायचा मोह होतो, पण चेनस्टे आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ एमएम जागा ठेवा. सासवड-पुरंदरच्या बाजूला काळ्या मातीत एकदा सापडलात की कळेल, चाक फिरायचं थांबतं, आणि तरी तुम्ही पेडल मारत राहिलात तर त्या मातीतली कच स्टेच्या आतून सँडपेपरसारखी घासते, एका राइडमध्ये रंग जाऊन काळं कार्बन दिसतं. अशा वेळी उतरा आणि काडीनं माती काढा. सॅग (आपल्या वजनानं सस्पेन्शन किती दबतं ते) सेट करताना हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग सगळं घालून बसा, नुसतं टीशर्टवर नाही. १२० एमएम दबणाऱ्या पुढच्या फोर्कला २० टक्के म्हणजे २४ एमएम, मागच्या शॉकचा स्ट्रोक (पूर्ण दबण्याचं अंतर) ५० असेल तर ३० टक्क्यांनी १५. शॉक पंप एकाकडं असला तरी सगळ्यांचं भागतं, माझा घेऊन जा.

गाडीवर न्यायची तर टॉपट्यूबला जबड्यात धरणारा कॅरियर नको, चाकं धरणारा बघा. टेम्पोत टाकताना खाली फोम, आणि ड्रायव्हरला सुतळीनं आवळू देऊ नका, तो पोत्यासारखीच आवळणार. चाक काढून नेत असाल तर फोर्कमध्ये आणि मागं ॲक्सल परत घालून ठेवा.

पहिल्या दोन राइडनंतर सगळे बोल्ट परत एकदा रेंचनं. कुरकुर आली म्हणून लगेच आवळू नका, निम्म्या वेळा ती सीटच्या रेलची नाहीतर पेडलची असते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट बेअरिंगवर नको, बादली आणि फडकं बास. दगड जोरात लागला, पडलात, तर तिथंच टॉर्च आणि नख, आणि शंका असेल तर ढकलत खाली.

रविवारी साडेसहाला पुण्यातल्या पाषाणच्या बाजूनं वर चढणार आहोत, त्याच्या आधी शनिवारी जोडून झाली तरी चालेल. काल एकानं विचारलं पेस्ट वाळायला किती वेळ लागतो. ती वाळत नाही, वाट बघू नका.