अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना: पाचवीच्या वहीतल्या या चुका टाळा

'४/१२ ला संक्षिप्त रूप द्या' म्हटलं की काही वह्यांत उत्तर येतं ३, काहींत ०/३. दोन्हीकडे चारचा पाढा पाठ असतो. मुलाने ४ वर तिरकी रेघ मारली, १२ वर मारली, १२ खाली ३ लिहिले. वरचा ४ तर 'संपला', म्हणून तिथे एकतर काहीच नाही, नाहीतर शून्य. पाढा बरोबर, भागही बरोबर लागला, आणि १/३ च्या जागी नऊपट मोठं उत्तर, नाहीतर चक्क शून्य वहीत बसलं.

या धड्यातल्या निरनिराळ्या दिसणाऱ्या चुका बऱ्याचदा या तिरक्या रेघेपाशीच येऊन थांबतात. आपण मोठी माणसं रेघ मारताना मनातल्या मनात भागाकार करतो. मुलाला फळ्यावर दिसते ती फक्त रेघ. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे काटाकाटी बंदच ठेवा. (४ ÷ ४)/(१२ ÷ ४) = १/३ असं पूर्ण लिहू द्या. वहीची पानं जास्त जातात, जाऊ द्या. चार भागिले चार एक, हे लिहावं लागलं की शून्य आपोआप जातं.

अंक कापणं

१६/६४ मध्ये वरचा ६ आणि खालचा ६ कापला की उरतो १/४, आणि पंचाईत अशी की उत्तर बरोबर आहे! १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ यांतही हे जमून जातं. पण अंश लहान आणि छेद मोठा, दोन्ही दोन अंकी आणि शेवटी शून्य नाही, अशा अपूर्णांकांत ही युक्ती साधते ती या चारच ठिकाणी. मुलाने असं केलं तर ओरडू नका, त्याला १३/३९ द्या. ३ कापून १/९ येईल, पाढ्याने १/३ येईल. मग विचारा, १६ मधला ६ किती आणि ६४ मधला ६ किती? एक सहा, दुसरा साठ. मुद्दा स्थानिक किमतीचा आहे, आणि ती त्याला दुसरीपासून माहीत आहे.

शून्यांचंही तेच. २०/५० मधली शून्यं 'उडतात', कारण तिथे १० ने भाग गेलेला असतो. ही सवय लागली की १०५/२०५ मधली मधली शून्यंही उडतात आणि १५/२५ तयार होतो. खरं उत्तर २१/४१.

'वर जे कराल तेच खाली करा'

हे वाक्य वर्गात सर्रास बोललं जातं आणि ते अर्धवट आहे. मूल ते अक्षरशः पाळतं: ६/८ मधून वरून २ काढले, खालून २ काढले, ४/६ लिहिलं. वर-खाली सारखंच तर केलं! वाक्य पूर्ण सांगा: वर ज्या संख्येने भागाल, त्याच संख्येने खाली भागा. नाहीतर ६/९ मध्ये वर २ ने, खाली ३ ने भाग देऊन ३/३, म्हणजे अख्खा एक, करून दाखवणारेही भेटतात.

इथे फळ्यापेक्षा कागदाची पट्टी कामाला येते. पट्टीला घड्या घालून चार सारखे भाग करा, तीन रंगवा. आता तीच पट्टी लांबीच्या बाजूने मधोमध दुमडून उघडा. भाग आठ झाले, रंगवलेले सहा, रंग होता तेवढाच. ६/८ आणि ३/४ एकच, हे हातात दिसतं. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीचे सहा भाग करून चार रंगवले तर रंग थोडा कमी पडतो.

अर्ध्यावर थांबणं

३६/४८, १८/२४, ९/१२ आणि पेन खाली. ९ विषम आला म्हणजे संपलं, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अंकांची बेरीज करून ३ ची कसोटी लावायची सवय असेल तर ३/४ पर्यंत गाडी जाते. 'अजून कोणाच्या पाढ्यात दोघं आहेत का?' हा प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायला लावा. मसावि (दोघांना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) सहावीत येतो, पाचवीत त्याची घाई नको. तीन पायऱ्यांनी आलेलं उत्तर एका पायरीच्या उत्तराइतकंच बरोबर आहे, त्याचे गुण कापू नयेत.

५१/६८ मात्र भल्याभल्यांना अडवतो. ५१ मूळ संख्या आहे असं समजणारे पालकही कमी नाहीत. अशा वेळी छेदातून अंश वजा करा: ६८ − ५१ = १७. दोघांना ज्याने भाग जातो, त्याने त्यांच्या फरकालाही जायलाच हवा. म्हणून शोध फक्त १७ च्या विभाजकांत. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट, उत्तर ३/४. ५७/७६ करून बघा, फरक १९. ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेली मसावि काढायची रीत याच विचारावर उभी आहे. फक्त बजावून सांगा की ही वजाबाकी भाजक शोधण्यापुरती, ती उत्तरात लिहायची नाही. नाहीतर मघाचं ४/६ परत येईल.

उलटी अडचणही असते. ८ मूळ नाही, ९ मूळ नाही, मग ८/९ ला भाग जायलाच हवा म्हणून मुलं झगडत बसतात. फरक १ आहे, म्हणजे सामाईक विभाजक १ शिवाय नाहीच. १४/१५ चंही तेच.

संक्षिप्त म्हणजे लहान?

अनेक मुलांना ६/८ हा ३/४ पेक्षा मोठा वाटतो, कारण आकडे मोठे. त्यांना विचारा, ४५ मिनिटं जास्त की पाऊण तास? ७५० ग्रॅम जास्त की पाऊण किलो? ४५/६० आणि ७५०/१०००, दोन्ही ३/४ च. पाव, अर्धा, पाऊण घरात रोज कानावर पडतात, ते वापरायचे सोडून पिझ्झाची चित्रं का काढायची, कळत नाही.

बेरजेत काटाकाटी

गुणाकार शिकून झाला की ही चूक हमखास येते. ३/४ × ४/५ मध्ये ४ कापून ३/५ येतं, बरोबर. तेच ३/४ + ४/५ मध्ये केलं की तेच ३/५. पण ३/४ मध्ये काही मिळवल्यावर ते कमी कसं होईल? एवढं विचारलं की बरीच मुलं स्वतःच खोडतात.

सरावाला गणितं देताना सगळी भाग जाणारीच देऊ नका. दहात दोन-तीन ७/१२, ८/१५ अशी ठेवा, एखादं ५७/७६ घाला, आणि १६/६४ हमखास ठेवा, शेजारी 'कसं केलं ते लिहा' अशी सूचना देऊन.