डिलेवर रिसर्च करताय? आधी स्क्रीनच्या कोपऱ्याला फोटोडायोड चिकटवा

इलेक्ट्रॉनिक्स करून न्यूरोकडे वळणारे, किंवा बायोलॉजीतून कंट्रोलकडे येणारे, अशा मुलामुलींसाठी लिहितेय. बोडे प्लॉट काय, अ‍ॅक्शन पोटेन्शियल काय हे तुम्हाला माहितीये असं धरून चालते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं जे झालं ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो, म्हणून हे सविस्तर.

डिले, म्हणजे सिग्नल पोचायला लागणारा उशीर, हा विषय फार सुंदर आहे. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नर्व्हमधून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजलं, सेकंदाला साधारण २७ मीटर निघाले, आणि त्याच्या आधी योहानेस म्युलरसारखा दिग्गज म्हणून गेला होता की हे कधी मोजताच येणार नाही. पायाच्या करंगळीला ठेच लागली की आधी चटकन टोचतं आणि मग मागाहून ठणका येतो ना, ते दोन वेगळ्या वेगाच्या फायबर्समुळे, ठणक्याचे फायबर सेकंदाला मीटरभरच जातात. दुसऱ्या टोकाला आपल्या नारायणगावजवळचं जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण, बघा. ३० अँटेना, सगळ्यात लांबचं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, आणि ऑप्टिकल फायबरमध्ये किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद जातात, त्यामुळे प्रत्येक अँटेनाचा डिले हिशोबात धरून सिग्नल जुळवल्याशिवाय तिथे काही दिसणारच नाही. रेडिओवाल्यांना ही शिस्त पहिल्या दिवसापासून असते. आमच्याकडे, माणसांवर प्रयोग करणाऱ्यांकडे, ती नसते.

आता माझं. प्रयोग साधा होता, स्क्रीनवर ठिपका रंग बदलतो, तुम्ही की दाबायची. तरुण व्हॉलंटियर्स आमच्या लॅबमध्ये यायचे, वयस्कर पेशंटना येणं जमायचं नाही म्हणून मी लॅपटॉप घेऊन एका क्लिनिकमध्ये जायचे आणि तिथल्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडायचे. दोन ग्रुपच्या रिअ‍ॅक्शन टाइममध्ये, म्हणजे रंग बदलल्यापासून की दाबेपर्यंतच्या वेळेत, ६० मिलिसेकंदांचा फरक आला. आम्ही खूश, अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलं, ते सिलेक्टही झालं. मग आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी सहज विचारलं, "दोन्हीकडे स्क्रीन एकच होती का गं?" बस. मोजलं तर तो टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात लॅबच्या मॉनिटरपेक्षा ४० मिलिसेकंदांहून जास्त वेळ खात होता. उरलेला फरक इतका लहान की तेवढ्या माणसांवरून काहीच म्हणता येईना. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतलं. चार महिन्यांचं काम गेलं.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. तुमचा कोड जो टाइमस्टॅम्प देतो तो फ्रेम पुढे सोपवल्याचा आहे, डोळ्यांपर्यंत उजेड पोचल्याचा नाही. मधे ग्राफिक्सचा बफर, टीव्हीचा प्रोसेसर, पिक्सेल बदलायला लागणारा वेळ हे सगळं येतं, आणि स्क्रीन वरून खाली रंगत जाते, म्हणजे ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असेल तर तळाचा ठिपका वरच्या ठिपक्यापेक्षा जवळजवळ एक अख्खी फ्रेम उशिरा उजळतो. तिकडे साध्या यूएसबी कीबोर्डला कॉम्प्युटर "की दाबली का" असं बऱ्याचदा सेकंदाला १२५ वेळाच विचारतो, म्हणजे ८ मिलिसेकंदांपर्यंतचा घोळ तिथेच. मग मी शहाणपणा करून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवरून ट्रिगर वाचून मोजायला गेले, तर त्याच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये लेटन्सी टायमर असतो, डीफॉल्ट १६ मिलिसेकंद, तेवढा वेळ तो बाइट्स साठवून ठेवतो आणि मग पाठवतो. म्हणजे जे मोजायचं तेवढीच चूक मोजणाऱ्या यंत्रात. आठवडा गेला हे कळायला.

उपाय एकच, सगळं एका घड्याळावर आणा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की सिग्नल देणारा छोटा सेन्सर, सहज मिळतो, तो ठिपक्याच्या शेजारी स्क्रीनला काळ्या टेपने चिकटवा, साधं पुश बटण घ्या, दोन्ही एकाच आर्डुइनोला (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जोडा आणि वेळेची नोंद तिथेच करा. आर्डुइनो ऊनोवर मायक्रोज फंक्शन ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने वेळ देतं, ते भरपूर झालं. मग तो डेटा कॉम्प्युटरला कधी का पोचेना, फरक पडत नाही.

"अगं, सरासरी डिले काढ आणि वजा करून टाक" असं सिनियर सांगतील. ऐकू नका. सरासरी वजा होते, पण डिले दर ट्रायलला हलत असेल तर तो हलता भाग तुमच्या व्हेरियन्समध्ये जाऊन बसतो. आणि प्रयोग क्लोज्ड लूप असेल, म्हणजे माणूस कर्सर बघून हात हलवतोय आणि हाताने कर्सर हलतोय, तर नंतर वजाबाकीला अर्थच नाही. १०० मिलिसेकंदांचा डिले १ हर्ट्झला ३६ अंशांचा फेज लॅग देतो, २.५ हर्ट्झला सरळ ९० अंश. तो माणूस त्या लॅगशी जुळवून घेत वेगळाच वागलेला असतो, ते वागणं एक्सेलमध्ये परत कसं आणणार?

पण घाबरूनही जाऊ नका. जुना डेटा सगळा टाकायचा नसतो. एकाच माणसाची एकाच स्क्रीनवरच्या दोन कंडिशन्समधली तुलना असेल, ठिपका एकाच जागी असेल, तर स्थिर डिले दोन्हीकडे सारखाच येतो आणि कटतो, नॉइज तेवढा वाढतो. माझं पहिल्या वर्षाचं काम असंच वाचलं, थिसिसमध्ये ते आहे.

अजून एक. सगळ्यांना मॅकी-ग्लासपासून सुरुवात करायची असते, १९७७ चं ते समीकरण, डिले वाढवला की केऑस, मलाही भुरळ पडली होती. हार्ट फेल्युअरमध्ये रक्त फुफ्फुसांतून, त्यातला कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या शरीरातल्या सेन्सर्सपर्यंत उशिरा पोचतं आणि श्वास लाटांसारखा चढतो-उतरतो, चेन-स्टोक्स म्हणतात त्याला, ते गणितात उतरताना बघणं भारीच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे, आधी सहा महिने मोजायला शिका, मग सिम्युलेशन. आणि गाईड असा बघा जो स्वतः येऊन ऑसिलोस्कोपपाशी उभा राहतो. मोठ्या नावाच्या मागे लागून मी एक वर्ष घालवलं, शिकले मात्र टेक्निशियन काकांकडून.

टीव्ही वापरावाच लागला तर त्याचा गेम मोड, म्हणजे चित्र गुळगुळीत करण्यात वेळ न घालवणारं सेटिंग, चालू करा, आणि दर सेशनच्या आधी तो चालूच आहे ना ते फोटोडायोडने तपासा. आमच्याकडे कुणीतरी एचडीएमआयचा पोर्ट बदलला आणि मोड बंद झाला होता, माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद होती म्हणून फक्त दोनच पेशंटचा डेटा गेला.